हिरव्या ठिपक्याची गोळी

गोठिवलीत पुतळाबाईला फसवणारी मासळीवाली अजून जन्माला यायची आहे, असं तिची सून निशिगंधा म्हणते, आणि त्यात खोटं काही नाही. बाई मूळची उरणच्या मोरा बंदराची, जेट्टीवर वाढलेली. पापलेटाचा कल्ला उचलून बघायची तिला गरजच पडत नाही. टोपलीपासून दोन हात लांब उभी राहून ती सांगते, हे आजचं, ते परवाचं, आणि ते पलीकडचं बर्फातच म्हातारं झालेलं. भाव करताना आवाज चढवत नाही, नुसती बघत राहते. समोरची कोळीण चुळबुळते आणि आपणहून वाटा वाढवते.

अशा बाईची पारख गेल्या श्रावणात एका बाटलीपुढे पार आंधळी झाली. आणि डाव लागला होता तो चार पैशांचा नाही, नवऱ्याच्या जिवाचा.

नवरा वामन म्हणजे गावातला सगळ्यात निवांत माणूस. तरुणपणी बापाबरोबर मिठागरात राबला, शेत लावलं, मग शेत गेलं आणि त्या जागी कारखाने आले, तेव्हा रबाळ्याच्या एका कारखान्यात फिटर म्हणून लागला. रिटायर झाल्यावर घराला वर दोन मजले चढवले, भाडेकरू ठेवले आणि अंगणातल्या शेवग्याखाली खुर्ची टाकून बसला. कोणी कितीही घाईत आलं तरी वामन आधी म्हणणार, "बस, पानी पी." त्याच्या वाटची काळजी करायचं काम लग्नापासून पुतळाबाईकडे होतं, आणि ते ती चोख करत होती.

त्या श्रावणाच्या आदल्या वर्षी दिवाळीनंतर वामनला धाप लागायला लागली. आधी जिन्यावर, मग अंगणातून ओट्यावर येताना. वाशीच्या हॉस्पिटलात सांगितलं, हृदयातली एक झडप खराब झाली आहे, बदलावी लागेल. ऑपरेशन चाललं होतं त्या वेळी मुलगा कुंदन खुर्चीत डोकं धरून बसला होता आणि पुतळाबाई कँटीनच्या भिंतीकडे तोंड करून उभी होती. लोकांना वाटलं, बाई रडते आहे. रडत नव्हती. गावदेवीशी बोलत होती.

"ह्यांना घरी आन. श्रावनात माज्या घरात मासलीचा वास येनार नाय. महिनाभर नाय. शबूद देतंय तुना."

मासळी न खाणाऱ्याला ह्या शब्दाचं वजन कळायचं नाही. त्या घरात श्रावण पाळायचे ते सोमवार-शनिवारपुरता. एरवी फडताळात सुकटीचा डबा बारा महिने असायचा, आणि पुतळाबाईच्या घशाखाली कालवणाशिवाय भात उतरायचा नाही. म्हणजे देवीला तिने स्वतःकडचं सगळ्यात महागाचं तेच देऊ केलं होतं. वामन घरी आला. छातीत धातूची झडप घेऊन आला.

ती झडप वाजायची. टिक, टिक, टिक. पंखा बंद असला की स्वयंपाकघरातून ऐकू यायची. वामन गमतीने म्हणायचा, "घड्याल गिलंकृत केलाय मी." सुरुवातीला पुतळाबाईचा त्या आवाजाने डोळ्याला डोळा लागेना. मग सवय झाली. मग असं झालं की दुपारी वामन आडवा झाला की ती त्याच्याजवळ तांदूळ निवडत बसायची, आणि तो आवाज चालू आहे तोवर जगात सगळं ठीक आहे असं तिला वाटायचं. वामन बोलायला लागला, टीव्ही लागला, वरचा भाडेकरू मिक्सर फिरवायला लागला की तिची चिडचिड व्हायची. कारण आवाज ऐकू यायचा नाही.

हॉस्पिटलातल्या डॉक्टर प्रियदर्शिनी मॅडमनी तिला समोर बसवून तीन गोष्टी समजावल्या होत्या. झडपेवर रक्ताची गुठळी धरू नये म्हणून रक्त पातळ करायची गोळी रोज, जन्मभर. पालेभाजी बंद नाही, पण रोज सारखीच, कारण हिरव्या पाल्याने त्या गोळीचा जोर कमी होतो. आणि तिसरं, मला विचारल्याशिवाय नवीन औषध नाही. अंगात ताकद यावी म्हणून व्हिटॅमिनची एक कॅप्सूलही त्यांनी स्वतः निवडून लिहून दिली होती. रक्ताच्या गोळीशी भांडणार नाही अशी.

पुतळाबाईने हे सगळं देवीच्या शब्दाइतकंच मनावर घेतलं. पालेभाजीसाठी एक छोटी स्टीलची वाटी वेगळी काढली. वामनने "अजून वाढ गो" म्हटलं की वाटी पालथी घालून दाखवायची. अळू असो की माठ, वाटी म्हणजे वाटी. सारं बरं चाललं होतं, महिन्याच्या महिन्याला रक्त तपासून होत होतं, आणि मग श्रावण आला.

गटारीला वामन पोटभर जेवला. दुसऱ्या दिवशी पुतळाबाईने सुकटीचा डबा नणंदेकडे दिवा गावी पाठवला, फडताळ चुन्याच्या पाण्याने धुतलं, माशाची सुरी आणि विळीसुद्धा पोत्यात बांधून बाहेर मोरीवर ठेवली. निशिगंधा हसली. "आई, सुरीने काय पाप केलंय?" पुतळाबाई हसली नाही. देवाशी व्यवहार करताना खोट ठेवू नये, असं तिचं मत आहे. आणि व्यवहार वामनचा होता.

आठवडाभराने वरच्या मजल्यावरची भाडेकरीण ज्ञानेश्वरी भाड्याचं सांगायला खाली आली. लातूरकडची, शाळेत शिकवणारी, घरात अंडंही न आणणारी. वामन ओट्यावर बसून कॅप्सूल तोंडात टाकत होता. ज्ञानेश्वरीने बाटली हातात घेतली, सहज उलटी केली आणि म्हणाली, "काकू, ही चालते का तुम्हाला श्रावणात? ह्यावर तर मांसाहारी खूण आहे."

तपकिरी चौकट आणि तिच्यात तपकिरी त्रिकोण. बारीक, नखाएवढा. कॅप्सूलचं ते मऊ कवच जनावराच्या हाडाकातड्याचं करतात, असं ज्ञानेश्वरीने सांगितलं, आणि आपण काय बोलून बसलो हे न कळताच ती जिना चढून गेली.

पुतळाबाई तिथेच खाली बसली. श्रावण लागून आठवडा होत आला होता. म्हणजे तेवढे दिवस तिने स्वतःच्या हाताने, पाण्याच्या पेल्यासकट, नवऱ्याच्या तोंडात मांस घातलं होतं. सुरी पोत्यात बांधली, आणि देव्हाऱ्याच्या खालच्या फळीवर ही बाटली ठेवली! शब्द मासळीचा होता, पण मांस म्हणजे त्याच्याही पुढचं. ज्या नवसाने माणूस परत आणला तोच नवस मोडला, तर देवी काय परत मागेल, हे तिला कोणी सांगायची गरज नव्हती.

"अगो येडे," वामन म्हणाला, "देवीला कल्लं तरी का? मना नाय कल्लं."

"तुमी गप ऱ्हावा."

निशिगंधा ऐरोलीच्या ऑफिसला निघाली होती, एका पायात चप्पल. "आई, टेन्शन नका घेऊ. संध्याकाळी आल्यावर डॉक्टरांना फोन करून विचारू. तोवर काही करू नका."

पण काळजी लागलेल्या बाईला संध्याकाळ फार लांब असते. डॉक्टरीणबाईंना फोन करून विचारायचं तरी काय? तुमची गोळी विटाळाची निघाली म्हणून? हसतील. किंवा रागावतील. आणि औषध नवीन कुठे होतं? एक ताकदीची गोळी जाऊन दुसरी ताकदीची गोळी येणार, एवढंच. पुतळाबाईने ती बाटली घराबाहेर काढली. कचऱ्यात टाकायला मन होईना, औषध ते औषध. तिने ती प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून शेवग्याच्या फांदीला टांगली, आणि पदर खोचून रबाळे स्टेशनकडच्या मेडिकलात गेली.

दुकान हौसेरावचं. कराडकडचा माणूस, बोलायला गोड, गिऱ्हाईक रिकाम्या हाताने जाऊ न देणारा.

"ताकदीची गोली पायजे. रोज घ्यायची. पन हिरव्या ठिपक्याची."

"मावशी, हिरवा ठिपका असलेल्या लई हायती. ह्या बघा." त्याने काउंटरवर बाटल्यांची रांगच मांडली. एकीवर पिळदार दंडाचा माणूस, एकीवर केस उडवणारी बाई, एकीत लहान मुलांच्या गोळ्यांसारख्या लाल-पिवळ्या वड्या.

पुतळाबाई आयुष्यात जी एकच पारख शिकली होती ती तिने लावली. मासळीबाजारात विकणारी जो वाटा पुढे सरकवते तो घ्यायचा नसतो, म्हणून तिने पुढच्या दोन बाजूला सारल्या. सगळ्यात स्वस्त ती शिळी, म्हणून तीही गेली. नुसती सजवलेली टोपली खाली कुजलेली असते, म्हणून पिळदार दंडवाला गेला. एक बाटली तिने कानाशी नेऊन हलवली. दुसरीचं झाकण हुंगलं, पण सीलबंद बाटलीला वास कुठला! मासा कसा, दाबला की सांगतो. बाटली दाबून काय सांगणार? मागे दोन गिऱ्हाइकं ताटकळली होती.

"ही काय हाय?" मागच्या फळीवरची हिरवी बाटली तिने बोटाने दाखवली.

"ही भारीतली. शंभर टक्के झाडपाल्याची. शेवगा, पालक, गव्हाचे कोंब, समदं हाय ह्यात. कवचसुदिक झाडाचं."

शेवगा. हे एक नाव ओळखीचं निघालं. तिच्या दारातच तर उभा होता तो, बाळंतिणीला पाला खायला घालायची तिची सासू. बाटलीवर हिरवा ठिपका होता, मोठा, ठसठशीत. पुतळाबाईचा जीव भांड्यात पडला.

"कुणासाठी म्हणायची?" हौसेरावने विचारलं.

"घरच्या मानसासाठी. अशक्तपना हाय."

"शुगर-बिगर?"

"नाय."

"बीपी?"

"तेची गोली चालू हाय."

"मग काय, बिनधास्त द्या. जेवल्यावर दोन."

त्याने दोन गोष्टी विचारल्या, तिने दोन गोष्टींची उत्तरं दिली. रक्ताची गोळी वाशीहून यायची, कुंदन आणायचा, तिचा आणि ह्या दुकानाचा संबंधच नव्हता. तिसरी गोष्ट त्याने विचारली नाही आणि हिला ती सांगायची सुचली नाही. त्या क्षणी तिच्या डोक्यात वामनची छाती नव्हतीच, देवीचं तोंड होतं.

संध्याकाळी निशिगंधा ऑफिसात अडकली आणि घरी येईस्तोवर विसरली. वामनने जेवल्यावर दोन हिरव्या गोळ्या गिळल्या, ढेकर दिला आणि म्हणाला, "गवताचा वास येतं. बैल झालू मी."

पुतळाबाईला फार दिवसांनी हसू आलं. ताटात मात्र ती वाटी तशीच होती. मोजून, काठोकाठ, वर एक पानही नाही.

श्रावण निम्मा सरला. एका दुपारी वामन आडवा पडला होता, पंखा बंद होता, वीज गेली होती. पुतळाबाई तांदूळ निवडत होती. निवडता निवडता तिचा हात थांबला.

आवाज येत होता. पण तो टिक नव्हता. कपड्यात गुंडाळलेल्या घड्याळासारखा आतून, बोथट, येत होता. तिने सूप बाजूला ठेवलं, गुडघ्यावर सरकत जवळ गेली आणि कान त्याच्या सदऱ्यापाशी नेला. वामनने डोळे उघडले.

"का गो? म्हातारपनी का सुचलं तुना?"

"तुमाला काय होतं का?"

"का होनार? बरा हाय मी."

पण बरा नव्हता. दोन दिवस तो शेवग्याखालच्या खुर्चीत जाऊन बसला नव्हता, ओट्यावरच बसत होता, हे तिच्या आता लक्षात आलं. संध्याकाळी तिने कुंदनला सांगितलं.

"आये, तुझे कान वाजतात," कुंदन म्हणाला. कुंदन वाईट मुलगा नाही. दिवसभर दिघ्याला साइटवर सिमेंट आणि मजूर ह्यांच्यात भांडून आलेला होता, एवढंच. "पुढच्या आठवड्यात टेस्ट आहेच ना? बाबा, तुम्हाला दम लागतोय का?"

"जिना चढलू तर लागतं. तो तर तुनाबी लागतं," वामन म्हणाला आणि सगळे हसले.

पुतळाबाई हसली नाही. तिला भीतीने ग्रासलं होतं, आणि त्या भीतीला तिने नावही देऊन टाकलं होतं. देवी कोपली. ते सुरुवातीचे विटाळाचे दिवस तिने मोजून ठेवले असणार. सकाळ होताच ती नारळ घेऊन गावदेवीच्या देवळात गेली. नाक घासलं. म्हणाली, "मी चुकली. पन मी बदलली ना गोली? हिरवी दिली ना? ह्यांना कशाला शिक्षा? मना दे." देवी शेंदरातून बघत होती तशीच बघत राहिली. देवळात घंटा वाजवणारं कोणी नव्हतं, इतकी शांतता होती की पुतळाबाईला स्वतःच्याच छातीतली धडधड ऐकू आली. आणि तिथे तिला एकदम वाटलं, आपण इथे काय करतो आहोत? मासळी नासली की देवाला विचारत नाहीत. नाकाला विचारतात. आपला कान सांगतो आहे, आणि आपण कानाला सोडून दगडाला विचारतो आहोत. हा विचार मनात आल्याबद्दल तिने घाईघाईने गालावर मारून घेतलं, पण पाय मात्र घराकडे वळले ते जवळजवळ धावतच.

"उठा. वाशीला जायचं."

"अगो पुढल्या आठवड्यात..."

"उठा बोलली ना! नाय उठलाव त मी रिक्षा अंगनात आनतंय आनि चार मानसं बोलावतंय उचलायला. सगला गाव बघल."

वामन उठला. निघताना तिने पिशवीत फाइल घातली, वामनची टॉवेल-लुंगी घातली, आणि काय वाटलं कोण जाणे, देव्हाऱ्याजवळची हिरवी बाटली घातली. फाटकाशी पोचल्यावर परत वळली आणि शेवग्याला टांगलेली पिशवीही सोडवून घेतली.

हॉस्पिटलात प्रियदर्शिनी मॅडमनी वामनच्या छातीला नळी लावली, आणि नेहमी ऐकायच्या त्यापेक्षा बराच वेळ ऐकत राहिल्या. पुतळाबाई त्यांच्या चेहऱ्याकडे बघत होती. माशाकडे बघायची तशी. आणि त्या चेहऱ्यावर काही चांगलं लिहिलेलं नाही हे तिला लगेच कळलं. रक्त घेतलं. छातीवर जेल लावून मशिनवर झडप बघितली. तोवर कुंदन साइट सोडून पोचला होता.

"रक्त फार घट्ट झालंय," मॅडम म्हणाल्या. "मागच्या महिन्यात उत्तम होतं. गोळी चुकली का?"

"एक दिवस नाय चुकली. मी सोता देतंय."

"पालेभाजी वाढली?"

"वाटी हाय. मोजून वाटी."

"नवीन औषध काही? काढा, चूर्ण, कुणी काही दिलं?"

"नाय."

हे "नाय" म्हणताना ती खोटं बोलत नव्हती. पण मांडीवरची पिशवी तिला जड लागायला लागली. मॅडम पाठ फिरवून काही लिहायला लागल्या तेव्हा पुतळाबाईने पिशवीत हात घातला आणि दोन्ही बाटल्या टेबलावर ठेवल्या.

"ही तुमची. श्रावन म्हनून झाडाला टांगली व्हती. आनि ही तिच्या जागंवर दिली. ताकदीचीच हाय. हिरवा ठिपका हाय."

मॅडमनी हिरवी बाटली फिरवून वाचली. मग त्यांनी खुर्ची पुढे ओढली आणि पुतळाबाईला समजेल अशा बेताने सांगितलं, की ह्यात पाल्याचा अर्क आहे. पालक, शेवगा, कोंब, सगळं वाळवून, आटवून, दाबून भरलेलं. वर त्यातलंच एक जीवनसत्त्व वेगळं घातलेलं. रक्ताची गोळी जे काम करते त्याच्या बरोबर उलट काम हे करतं. गोळी चांगली की वाईट हा प्रश्नच नाही. दुसऱ्या कुणाला ही चांगली असेल. ह्यांना नाही.

पुतळाबाईने ऐकलं. वाटी मोजून भाजी वाढली, आणि जेवल्यावर टोपलीभर पाला ह्या हाताने घातला त्यांच्या पोटात!

"आये," कुंदन म्हणाला. त्याचा चेहरा लाल झाला होता. "एक फोन. एक फोन करायचा होता गं."

"व्हता," ती म्हणाली.

त्याने अजून चार शब्द बोलावेत असं तिला वाटत होतं. तो बोलला नाही, आणि ते तिला जास्त लागलं.

"झडपेवर गुठळी धरायला लागली आहे," मॅडम म्हणाल्या. "दाखल करून घेते. सलाईनमधून औषध देऊ. बहुतेक विरघळेल. नाही विरघळली तर पुन्हा ऑपरेशनचा विचार करावा लागेल. पण आज का आणलंत? तारीख तर पुढची होती."

कुंदनने खाली बघितलं. "आई म्हणाली, आवाज बदललाय."

मॅडमनी पुतळाबाईकडे बघितलं आणि नुसती मान हलवली. शाबासकी देण्याची ती वेळ नव्हती.

पुढचे दिवस कसे गेले ते पुतळाबाईला नीट सांगता येत नाही. वामन काचेपलीकडे, नळ्या लावलेला. ती बाहेर बाकावर. निशिगंधा डबा आणायची आणि तो तसाच परत न्यायची. "आई, चूक माझी पण आहे," ती एकदा म्हणाली, "मी विसरले," आणि पुतळाबाईने तिचा हात धरून ठेवला. देवीकडे मात्र तिने ह्या खेपेला काही मागितलं नाही. मागायला तोंडच नव्हतं, आणि द्यायलाही काही शिल्लक नव्हतं. तिला एकच पाहिजे होतं, पाच मिनिटं आत सोडा आणि ती यंत्रं बंद करा, म्हणजे मला ऐकता येईल. ते कोणी करणार नव्हतं.

गुठळी विरघळली. वामन घरी आला तेव्हा श्रावणाचे थोडे दिवस उरलेच होते. निघताना पुतळाबाईने मॅडमना विचारलं, "मंग आता ताकदीची कंची गोली द्यायची?"

"सध्या कुठलीच नाही. रोजचं जेवण द्या, ते काय कमी ताकदीचं आहे? एरवी काय खातात?"

"मासली-भात."

"मग मासळी-भात. ताजी, मीठ कमी. एक महिना एक खाणं आणि पुढच्या महिन्यात भलतंच, असं आता ह्यांच्या बाबतीत करू नका. सगळं सारखं पाहिजे, रोज."

"पन श्रावन..."

मॅडमनी फाइल मिटून तिच्याकडे सरकवली. पुतळाबाईने ती पिशवीत घातली.

दुसऱ्या दिवशी सकाळी गोठिवलीच्या नाक्यावरची मासळीवाली माश्या वारत बसली होती. श्रावणात कोण येतंय? समोर पुतळाबाईला बघून तिने डोळे चोळले. पुतळाबाईने खाडीच्या निवट्या घेतल्या, उड्या मारणाऱ्या, भाव न करता. देवळावरून जाताना ती थांबली. पिशवी मागे लपवली नाही.

"घरात वास येनार नाय बोलली व्हती," तिने देवीला सांगितलं. "घरात नाय येनार. मीबी खानार नाय. तुजा शबूद मी पालतंय. पन ते खानार."

मग तिने मोरीवरचं पोतं सोडून सुरी-विळी काढली, शेवग्याखाली तीन विटा मांडल्या, आणि घराची दारं-खिडक्या कडेकोट लावून भर अंगणात कालवण चढवलं. वारा घराकडे वळला की सूप घेऊन धूर रस्त्याकडे हाकलायची. ज्ञानेश्वरीने वरून खिडकी उघडली आणि लगेच बंद केली. येणारे-जाणारे थांबून बघत होते. श्रावणात, पुतळाबाईच्या दारात, निवट्या! काय बोलायचं ते गाव नंतर बोललंच. तिने वामनला हाताला धरून शेवग्याखालच्या खुर्चीत बसवलं आणि ताट दिलं. भात, कालवण आणि कडेला तीच स्टीलची वाटी, माठाच्या भाजीची, काठोकाठ.

वामन ताटाकडे बघत राहिला. "तुजा नवस?"

"नवस माजा हाय. तुमी जेवा."

त्याने पहिला घास घेतला. चावायला लागला. पुतळाबाई खुर्चीशेजारी जमिनीवर बसली होती. मग गुडघ्यांवर उठली, मासळीने माखलेले हात दोन्ही बाजूंना लांब धरून त्याच्या छातीजवळ वाकली.

"चावू नका जरा," ती म्हणाली. "मना आयकू द्या."

वामन घास तोंडात धरून थांबला. रस्त्यावरून एक टेम्पो गेला, तो जाईपर्यंत ती तशीच वाकून राहिली. मग तिने डोळे मिटले आणि बराच वेळ उघडले नाहीत.

"हां," ती म्हणाली. "आता खावा."